पहिली फेरी

"मिस्त्री स्वतःची पोर आत बसवायचे, म्हणून आमचे हात शहाणे झाले," लंबूकाका म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर मीही मान डोलावली. शोकसभेत तेच करायचं असतं. कुणीतरी उभं राहतं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतं, आणि आपण ओल्या डोळ्यांनी हो हो करत राहतो. मान डोलावून झाली आणि मग मला ते वाक्य कळलं. स्वतःची पोर म्हणजे कोण? बाबांना मुलगी एकच. मीच की! आणि आत म्हणजे लिफ्टमध्ये, नवे दोर चढवलेल्या, अजून कुणीच न बसलेल्या लिफ्टमध्ये. हे काय मला माहीत नव्हतं? मी स्वतःच्या पायांनी चालत गेले होते, एकदा नाही, लहानपणभर. नवीन ऐकलं ते एवढंच, की त्याला काही कारण होतं.

आम्ही बसलो होतो एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर. बाबांनी आयुष्यभर लिफ्टा बसवल्या आणि दुरुस्त केल्या, आणि त्यांच्या हातची शेवटची लिफ्ट इथली. काम संपायच्या आधीच ते गेले. उरलेलं धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, बाबांच्या कामगारांच्या टोळीला हाताशी धरून पुरं केलं. माणसं म्हणाली, मिस्त्रींची सभा हॉलबिलमध्ये नको, त्यांच्या लिफ्टसमोरच घेऊ. म्हणून रंगाच्या वासात, भाड्याच्या खुर्च्यांवर आम्ही सगळे. समोर स्टुलावर बाबांचा फोटो, मागे लिफ्टचं दार, त्यावरचं प्लास्टिक अजून तसंच. माझ्या एका बाजूला आई. दुसऱ्या बाजूला धाकट्याची लेक, जिला आम्ही खारू म्हणतो, कारण तिचा एक गाल कायम भरलेला असतो. ती पाय हलवत बसली होती आणि तिचा बूट दर वेळी माझ्या पोटरीला लागत होता. एरवी मी तिला दटावलं असतं. मी कुणाला सोडत नाही, माझं तोंड फाटकं आहे असं घरीदारी प्रसिद्ध आहे. पण त्या क्षणी मला तो बूट बरा वाटला. निदान तो लागत होता, हे तरी नक्की होतं.

"चल, उंच जाऊन येऊ," असं बाबा म्हणायचे. सुट्टीच्या सकाळी, दाढी करून झाल्यावर, टॉवेलने कान पुसत. बस, एवढंच. घरात बाबा बोलत नसत. जेवताना मीठ हवं असलं तर ते ताटाच्या कडेला बोट टेकवायचे आणि आई मीठ वाढायची. त्या माणसाच्या तोंडून आलेले ते चार शब्द माझ्यासाठी होते, फक्त माझ्यासाठी. मी निळा फ्रॉक घालायची. आई वेणी घालायची आणि त्या दिवशी इतकी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. मी ओरडले की म्हणायची, "गप बस, सुटते नाहीतर." धाकटा दारात लोळण घ्यायचा. मला पण, मला पण! आई त्याला बखोटीला धरून आत ओढायची, आणि मी, काय सांगू, मी जाता जाता मागे वळून त्याला जीभ दाखवायची. मग बाबांचा हात. रस्ताभर नाही, रस्त्यात ते पुढे चालायचे. पण इमारतीत शिरलं, टोळीतली माणसं बाजूला झाली, लिफ्टचं दार उघडलं, की त्यांचा हात खाली यायचा आणि माझा हात त्यात जायचा. ग्रीसचा वास. राठ बोटं. आणि तळवा ओला. बाबांचे तळवे ओलेच असतात असं मला वाटायचं. शाळेत एकीच्या वडिलांनी रस्ता ओलांडताना माझा हात धरला, तो कोरडा निघाला, तेव्हा मला ते वडील कमअस्सल वाटले होते. लिफ्ट वर निघायची, वर आकड्यांमागचा दिवा सरकत जायचा. शेवटच्या मजल्यावर बाबा विचारायचे, "घाबरलीस?" मी म्हणायची, "छे!" आणि ते म्हणायचे, "शाब्बास." ते शाब्बास मी आठवडाभर पुरवून पुरवून खायची.

माणसाला आयुष्यात टेकायला काहीतरी लागतं. कुणाला देव असतो, कुणाला नवरा. मला ते शाब्बास होतं. लग्न मोडलं तेव्हा, मूल राहिलं नाही तेव्हा, मी नोकरी करते त्या प्रयोगशाळेत वरच्या जागेवर मला डावलून कुणा साहेबांच्या मेव्हण्याला बसवलं तेव्हा, मी अंथरुणात पडून स्वतःला सांगायची, असू दे, एका माणसाने दोघांतून तुला निवडलं होतं. मुलगा घरी रडत असताना मुलीला उंच नेलं होतं. कोणत्या घरात असं होतं? मैत्रिणींना मी तोऱ्यात सांगायची, आमच्या बाबांना पोरीचं भारी कौतुक. पुढे मला ती वरची जागा मिळालीच. आता रक्त तपासणारी सगळी माणसं माझ्या हाताखाली आहेत, आणि मी त्यांना बाबांच्याच पद्धतीने वागवते. नवीन मशीन आलं की पहिली नळी माझ्या रक्ताची. सुई कशी टोचायची ते शिकाऊ मुलींना दाखवताना पहिला दंड माझा. "आधी आपला जीव, मग हुकूम," असं बाबा म्हणत. म्हणजे मला कधी म्हणाले नाहीत. माणसांना म्हणत, मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत असे. त्या मुली मला पाठीमागे खडूस म्हणतात, पण माझ्यासमोर त्यांचा हात कधी थरथरत नाही. मी पहिला दंड पुढे करते म्हणून. हो, पण माझाच ना! दुसऱ्या कुणाचा नाही ना!

लंबूकाका अजून बोलत होते. टोळीतले सगळ्यात जुने, वयाने वाकले तरी बाकीच्यांहून वीतभर उंचच. बोलायला उभे राहिले की बसायचं विसरतात. "तुम्हा नव्या पोरांना ठाऊक नाही," ते म्हणत होते, "आमचा एक दोस्त होता, हसऱ्या म्हणायचो आम्ही त्याला. कुणीतरी दोराचा एक बोल्ट अर्धवट आवळला. कुणी, ते मिस्त्रींनी शेवटपर्यंत विचारलं नाही. हसऱ्या वर तेल घालायला चढला आणि..." त्यांनी हात खाली आणला, पुरता आणलाही नाही. "त्यानंतर मिस्त्री पहिल्या फेरीला स्वतः एकटे बसायला लागले. पण खरं सांगू? आम्हाला त्याचं काही वाटेना. म्हातारा छातीचा आहे, म्हणायचो, आणि बिडी ओढायचो. मग एक दिवस ते पोरीला घेऊन आले. एवढीशी, वेणीबिणी घातलेली.  नुसते आमच्यासमोर तिला घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, झालं का रे आवळून? अहो, चौघेजण परत वर पळाले! सगळं झालेलं होतं, तरी पळाले. त्या दिवसापासून टोळीत एक माणूस गेला नाही. एक बोट तुटलं नाही. याला म्हणतात पुढारपण. आपलं काळीज दुसऱ्याच्या हातात द्यायचं. मग तो नीट धरतोच."

टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, पण माणसांना राहवलं नाही. एक दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं, असं कौतुकाने, एखादं जुनं अवजार जपून ठेवलेलं दिसावं तसं. मला ती चार माणसं आठवली. आठवली म्हणजे काय, ती कायम होतीच; जिन्याने धडधड वर पळणारी. मला वाटायचं ती माझ्या स्वागताला पळतात. राजकन्या आली, पळा! देवा रे. आणि ओला तळवा. तो आता मला कळला, इतक्या वर्षांनी, एका खुर्चीत बसून. बाबा घाबरलेले असायचे. प्रत्येक वेळी. ज्याला घाम फुटतो त्याला ठाऊक असतं ना आपण काय करतोय ते? ठाऊक होतं तर का नेलं? आणि ठाऊक असून नेलं, घाबरत घाबरत नेलं, म्हणजे मी त्यांना खूप हवी होते असं धरायचं की नव्हते असं? मी हवी नसते तर डावाला लावून उपयोग काय होता? फुटका पैसा कुणी पणाला लावतं का? माझं डोकं भोवऱ्यासारखं फिरत होतं, आणि त्यातही एक गोष्ट मला नाकारता येत नव्हती, की त्या लंबूकाकांचे दोन्ही हात, दहा बोटं, जागच्या जागी होती. समोर बसलेल्या सगळ्यांची होती. त्यांच्या बायका विधवा झाल्या नाहीत. माझ्या निळ्या फ्रॉकने एवढं केलं होतं. मग मी रडत का होते?

"आणि धाकट्या शेठना कधी आणलं नाही हं," लंबूकाका हसत म्हणाले, माझ्या भावाकडे बोट करून. "वहिनींनी मिस्त्रींना शपथ घातली होती. पोरगं तेवढं न्यायचं नाही!" सगळे हसले. चांगल्या मनाने हसले. धाकटाही लाजल्यासारखा हसला. मी आईकडे पाहिलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिने माझ्याकडे मान वळवली नाही, आणि म्हणून मला कळलं की हे खरं आहे. म्हणजे ती वेणी. त्या सकाळी इतकी घट्ट का, आणि आम्ही परत आलो की आई मला जवळ न घेता उगीचच रागावायची का, फ्रॉक मळवला म्हणून, पाय धुतले नाहीत म्हणून. आणि त्या दिवशी चूल उशिरा का पेटायची. मी समजत होते की घरात दोघांतून मला निवडलं. बरोबरच होतं की. निवडलंच होतं.

मग धाकट्याने माझं नाव पुकारलं. "आता ताई दोन शब्द बोलेल." उभी राहिले. घरून ठरवून आलेलं सगळं, बाबांचा करारीपणा, माणसं जोडणं, शिस्त, बाजूलाच राहिलं. फोटोतले बाबा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, किंचित वर बघत होते, कुठेतरी काहीतरी अडतंय का ते ऐकत असल्यासारखे. "बाबा माझा हात धरायचे," मी म्हणाले.  "एवढंच," म्हणाले आणि बसले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. लोकांना वाटलं, किती थोडक्यात बोलली, किती भरून आलंय तिला. मेलं, खरं बोललं तरी लोक आपल्याला हवं ते ऐकतात.

सभा संपली असती तर बरं झालं असतं. पण धाकटा पुढे आला. तो चांगला आहे हो, माझा भाऊ. बाबांच्या खुर्चीत बसून महिना झालाय, आणि त्या महिन्यात त्याचे केस पांढरे झालेत. टोळीतली माणसं त्याला शेठ म्हणतात. बाबांना कधी शेठ म्हणाली नाहीत. ती वाट बघतायत, हा मिस्त्री होतो की शेठच राहतो, आणि त्यालाही ते ठाऊक आहे. त्याने लिफ्टच्या दारावरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी फाडून काढलं. दार झगझगीत दिसायला लागलं. "ही बाबांची शेवटची लिफ्ट," तो म्हणाला. "हिची पहिली फेरी बाबांच्याच रीतीने होईल." आणि आमच्या रांगेकडे बघून, अगदी हळू आवाजात, जसं काही घरीच आहे, "खारू, चल. उंच जाऊन येऊ."

खारू उडी मारूनच उठली. गालातलं जे काय होतं ते घाईघाईने गिळलं, फ्रॉक खाली ओढला, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी आरशात पाहिल्याशिवाय ओळखलं. तिचा मोठा मामेभाऊ नाही, तिची आई नाही, एवढ्या लोकांतून ती. माझ्या शेजारून ती निघाली आणि मी तिचा दंड धरला. इतका घट्ट की ती "आई गं" म्हणाली. "नाही," मी म्हणाले. "ती नाही जायची."

"ताई, काय करतेस?" धाकटा दोन पावलं आला. लोक अजून खुर्च्यांतच होते, सगळ्यांच्या माना आमच्याकडे. "अगं, मी स्वतः सगळं तपासलंय. तिसऱ्यांदा तपासलंय."

"तपासलंयस ना? मग तू जा. तू बस. लंबूकाकांना घे."

"तसं नाही ना ते! तुला कळत नाही का?" मग आवाज खाली आणून, दात दाबून, "माणसं बघतायत गं. मी तिला मागे घेतली तर काय समजतील? माझाच माझ्या कामावर भरवसा नाही असं ना? तू बाबांबरोबर जायचीसच की! मी दारात रडायचो आणि तू जायचीस. सांग सगळ्यांना. आवडायचं नाही का तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं की मला भीती वाटायची, मी मनातून रडायची, बाबा निर्दयी होते. तेवढ्याने तो एका क्षणात गप्प झाला असता. "आवडायचं," मी म्हणाले. "त्याहून काही कधी आवडलंच नाही मला जन्मात. म्हणून सांगते. हिला नको हे आवडायला."

त्याला कळलं नाही. कळणार कसं? त्याला कधी नेलंच नव्हतं. आयुष्यभर त्याला वाटत आलं की त्याला वगळलं, आणि आता ती न मिळालेली गोष्ट तो आपल्या लेकीला देऊ बघत होता, जीव ओवाळून देऊ बघत होता, आणि मी बहीण असून आड आले होते. त्याचे डोळे भरले. लंबूकाका म्हणाले, "जाऊ द्या शेठ, मी येतो," आणि 'शेठ' शब्द त्याला थप्पड बसावी तसा बसलेला मी पाहिला. तो वळला. दोघं आत गेले, दार बंद झालं, आणि आतून मोटरचा बारीक आवाज वर सरकायला लागला.

खारूने हंबरडा फोडला. "मला जायचं होतं! बाबाने मला बोलावलं होतं! तू घाणेरडी आहेस आत्या, तू घाणेरडी आहेस!" तिने मुठींनी माझं पोट बडवलं. मी दंड सोडला नाही. मार म्हटलं, मार. भावजय आली, माझ्याकडे न बघता तिने लेकीला उचललं आणि बाजूला नेलं. माणसं उठून आकड्यांकडे बघत उभी राहिली. त्यांच्यातला एक सारखा तळहात पँटीला पुसत होता. आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती, कधी आली कळलं नाही. दोघी दाराकडे बघत होतो. तिच्याकडे बघून मला विचारता आलं नसतं.

"मला का, आई? त्याला नाही, मग मला का?"

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. मला वाटतं ते उत्तर तिच्याजवळ तेव्हापासून तयारच होतं, कुणी विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"ते ऐकणारे नव्हते. एक तरी मूल हवंच म्हणाले. तो गेला असता तर घर बुडालं असतं गं. सासू, सासरे, तुझे बाबा, सगळे खचून बसलेच असते. तू गेली असतीस तर मी एकटी मेले असते." तिने पदर सोडला. "मी म्हटलं, माझं काय एवढं."

वर कुठेतरी लिफ्ट थांबली. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग ती खाली यायला लागली. माणसांनी श्वास सोडले. दार उघडलं. लंबूकाका आधी बाहेर आले, मग धाकटा. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला, शर्टाची कॉलर घामाने भिजलेली.

"बघ," तो म्हणाला, "काही झालं का?"

मी तोंड उघडलं, पण आईच आधी बोलली. "काही नाही झालं रे," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिने माझी वेणी सारखी केली. मला वेणी नाही. केस कापून कितीतरी वर्षं झाली. तिची बोटं मानेवर नुसती फिरत राहिली.